अडलेला शब्द

शाळेच्या वरच्या वर्गांत आल्यावर विद्यार्थ्यांचा जुन्या कादंबऱ्यांशी प्रथम परिचय होतो. लहानपणी वाचलेल्या गोष्टींची पुस्तके आकाराने बेताची असतात, त्यांतील वाक्ये सुटसुटीत असतात आणि बहुतेक शब्द घरीदारी कानांवर पडलेले असतात. जुनी कादंबरी हाती घेतली की हा अनुभव पालटतो. कथा तर मनाला ओढून नेत असते, परंतु प्रत्येक पानावर दोनचार शब्द वाटेतल्या धोंड्यांसारखे आडवे येतात. उत्साहाने वाचावयास बसलेला विद्यार्थी दहाव्या पानावर थकतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. पुस्तक कंटाळवाणे आहे, असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः दोष पुस्तकाचा नसतो आणि विद्यार्थ्याच्या बुद्धीचाही नसतो. अडलेल्या शब्दाशी कसे वागावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

असा शब्द आला म्हणजे वाचक सामान्यतः दोहोंपैकी एक मार्ग धरतो. कोणी तो शब्द ओलांडून पुढे जातो. एकदोन शब्द ओलांडल्याने फारसे बिघडत नाही. पण सवयच तशी जडली, तर पुढे वाक्येच्या वाक्ये अंधारात राहतात आणि शेवटी कथेचा केवळ सांगाडा हाती लागतो. दुसरा विद्यार्थी याच्या उलट वागतो. तो प्रत्येक शब्दापाशी थांबतो, कोश उघडतो, अर्थ लिहून घेतो आणि मग पुढच्या शब्दाकडे वळतो. त्याची वही भरते, परंतु कथेचा धागा तुटतो. चार दिवसांनी त्याला ना कथा आठवते, ना शब्द. या दोन टोकांच्या मधून जाणारी वाट कोणती, हे पाहण्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण घेणे सोयीचे होईल.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) हे मराठी कादंबरीचे एक थोर शिल्पकार होत. त्यांनी १८९० साली 'करमणूक' नावाचे साप्ताहिक सुरू केले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ साली ती पुस्तकरूपाने आली. यमुना नावाची मुलगी आपले बालपण, आपला विवाह, सासरचे दिवस आणि शेवटी आपल्या वाट्याला आलेले वैधव्य यांची हकीकत स्वतःच्या मुखाने सांगते, अशी या कादंबरीची रचना आहे. आपटे यांच्यापूर्वी बाबा पदमनजी यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले होते. मराठीतील आद्य कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो आणि तिचाही विषय विधवांची दुःस्थिती हाच आहे. परंतु घरातल्या मुलीच्या साध्या, बोलक्या भाषेत तिचे अंतःकरण उघडे करण्याचे काम आपटे यांनी केले.

आता गिरगावातील एखाद्या चाळीत राहणारा किंवा दादरच्या एखाद्या शाळेत शिकणारा आजचा विद्यार्थी ही कादंबरी वाचावयास बसला, अशी कल्पना करावी. भाषा तर मराठीच आहे, मग त्याला ती अडते कोठे? नीट पाहिले असता त्याच्या अडचणी चार प्रकारच्या असल्याचे दिसून येते. चारही प्रकारांवर एकच उपाय चालत नाही. म्हणून त्या वेगवेगळ्या ओळखणे अवश्य आहे.

पहिली अडचण लेखनपद्धतीची. जुन्या आवृत्तींत 'घरांत', 'कांहीं', 'केलें', 'नाहीं' असे अनुस्वार पानोपानी दिसतात. हे शब्द नवे नाहीत. केवळ त्यांचा पोशाख जुना आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले, तेव्हा उच्चारात न येणारे असे अनुस्वार गळून पडले. ते अनुस्वार मनातल्या मनात बाजूला ठेवून वाचण्याची सवय पाचदहा पानांत होते. या शब्दांसाठी कोश पाहण्याचे मुळीच कारण नाही.

दुसरी अडचण नाहीशा झालेल्या वस्तूंची. जुन्या पुण्यातील वाड्याला ओटी, पडवी, माजघर, देवघर आणि परसू असे भाग असत. भिंतीत बसविलेल्या कपाटाला फडताळ म्हणत. लहानमोठी मडकी एकावर एक रचून ठेवीत, तिला उतरंड म्हणत. दीड खोलीच्या बिऱ्हाडात वाढलेल्या मुलाने माजघर पाहिलेले नसते. मग तो शब्द त्याला परका वाटला, तर नवल नाही. अशा शब्दांचा अर्थ वाचून भागत नाही. ते डोळ्यांपुढे उभे करावे लागतात. वहीत वाड्याचा एक साधा आराखडा काढावा, पुढच्या बाजूस ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर व त्यापलीकडे परसू अशी नावे लिहावीत. मग बैठकीच्या जागी पुरुष बोलत आहेत आणि सुना माजघरात कान देऊन ऐकत आहेत, असे दृश्य आले की ते का तसे आहे, हे चटकन उमगते. कोणी कोठे बसावे आणि कोणी कोठे येऊ नये, याचे त्या काळचे सारे नियम घराच्या या रचनेतच सामावलेले होते.

तिसरी अडचण नातेसंबंधांची व रीतिरिवाजांची. येथे धोका अधिक असतो. कारण शब्द ओळखीचा भासतो आणि अर्थ मात्र निराळा असतो. 'मामंजी' हा शब्द पाहून कित्येकांना तो 'मामा' वाटतो. वास्तविक सून आपल्या सासऱ्याला किंवा सासरच्या तशाच वडीलधाऱ्या पुरुषाला मामंजी म्हणत असे. नवऱ्याची बहीण ती 'वन्सं' आणि नवऱ्याच्या भावाची बायको ती 'जाऊ'. ही नाती उलटसुलट झाली, तर कोण कोणाला का भिते, कोणाचा शब्द कोणाला मोडता येत नाही, हेच कळेनासे होते. यास्तव कादंबरीच्या प्रारंभीच पात्रांची एक वंशावळ वहीत मांडावी आणि प्रत्येक नावापुढे नाते लिहावे. नाते कळले की निम्मी कथा कळते.

चौथी अडचण खऱ्याखुऱ्या अवघड शब्दांची. यांत 'औदासीन्य', 'विषण्ण', 'निर्भर्त्सना' यांसारखे संस्कृत शब्द येतात, त्याचप्रमाणे 'मसलत', 'तजवीज' यांसारखे फारसी-अरबीतून मराठीत रुळलेले शब्दही येतात. आपटे यांचीच 'उषःकाल' ही शिवकालावरील ऐतिहासिक कादंबरी घेतली, तर या दुसऱ्या गटाची संख्या अधिकच वाढते. कोशाची खरी गरज लागते ती येथे. पण कोशाकडे धाव घेण्यापूर्वी दोन पायऱ्या चढावयाच्या असतात.

पहिली पायरी संदर्भाची. 'तिने फडताळातून समई काढली व देवापुढे नेऊन ठेवली', असे एखादे वाक्य असेल, तर फडताळ ही काहीतरी वस्तू ठेवण्याची जागा आहे, एवढे कोणालाही समजते. तेवढ्यावर पुढे जाण्यास हरकत नाही. मात्र संदर्भ नेहमीच पुरेसा प्रकाश देतो, असे नाही. 'वडिलांनी त्याची सर्वांदेखत निर्भर्त्सना केली', एवढेच वाक्य वाचून वडिलांनी मुलाची वाहवा केली, असाही समज होऊ शकेल. पुढच्या वाक्यात मुलगा मान खाली घालून निघून गेला, असे आले की तो समज टिकत नाही. निर्भर्त्सना म्हणजे कठोर शब्दांत केलेली निंदा, हे ध्यानात येते. म्हणून अडलेल्या शब्दापाशी न थांबता आणखी दोन वाक्ये वाचावीत आणि मग मागे वळून तर्क करावा. तर्क मनात धरावा, परंतु तो पक्का मानू नये.

दुसरी पायरी शब्दाच्या घडणीची. मराठीत शब्द वाक्यात येतो, तेव्हा तो बहुधा आपले मूळ रूप सोडून येतो. 'उतरंडीच्या' हे रूप कोशात शोधले तर सापडणार नाही. प्रत्यय व सामान्यरूप बाजूला केले की 'उतरंड' हा शब्द मिळतो. 'पडवीतून' मधून 'पडवी', 'धोट्याने' मधून 'धोटा' आणि 'साच्यावर' मधून 'साचा' असा मूळ शब्द काढता आला पाहिजे. क्रियापदाचे कोणतेही रूप असो, कोशात ते 'णे'कारान्त रूपाने दिलेले असते. शब्दाचे अवयवही पुष्कळ सांगून जातात. 'अनावर' मध्ये आवरणे आहे आणि त्याला नकार जोडलेला आहे. म्हणजे जे आवरता येत नाही ते अनावर. 'सोशिक' मध्ये सोसणे आहे. व्याकरणाच्या तासाला पाठ केलेले प्रत्यय व उपसर्ग येथे प्रत्यक्ष कामास येतात. ते केवळ परीक्षेसाठी असतात, हा समज अशा वेळी आपोआप दूर होतो.

या दोन पायऱ्या चढूनही शब्द उकलला नाही आणि त्यावाचून पुढचे कळत नाही, असे वाटले, तर मग कोश उघडावा. मराठी भाषा कोशांच्या बाबतीत दरिद्री नाही. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला होता. जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी पंडितांच्या व कँडी बंधूंच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. पुढे यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत बाहेर पडला. त्याची पुरवणी १९५० साली निघाली. शब्दाचे मूळ शोधणाऱ्यांसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ पासून उपलब्ध आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांत असे संदर्भग्रंथ पाहावयास मिळतात. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश आता संगणकावर व भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. त्यामुळे शब्द सापडण्यास पूर्वीइतका वेळ लागत नाही. तथापि सापडलेल्या अर्थांतून योग्य तो निवडण्याचे काम यंत्रावर सोपवून चालत नाही. ते वाचकाचेच राहते.

ही निवड वाटते तितकी सोपी नसते. कोशात एका शब्दापुढे पुष्कळदा चारपाच अर्थ दिलेले असतात. 'खण' म्हणजे चोळीचे कापड, खण म्हणजे कपाटाचा वा पेटीचा कप्पा आणि खण म्हणजे घराच्या दोन तुळयांमधील जागाही. 'दोन खणांचे घर' असे वाचून जो चोळीच्या कापडाचा विचार करील, तो फसेल. काही वेळा कोशातील 'पु.', 'स्त्री.', 'न.' ही लिंगदर्शक अक्षरे साहाय्य करतात. 'तो माळ' म्हणजे ओसाड, सपाट जमीन आणि 'ती माळ' म्हणजे फुलांची वा मण्यांची. वाक्यातील विशेषणाकडे किंवा क्रियापदाकडे नीट लक्ष दिले, तर शब्दाचे लिंग कळते आणि लिंगावरून अर्थ ठरतो. अर्थ निवडल्यावर तो पुन्हा मूळ वाक्यात बसवून पाहावा. तेथे तो सहज बसला, तरच काम पुरे झाले असे समजावे.

काही शब्द मात्र असे असतात की कोशातील अर्थ समजल्यावरही ते पुरते समजत नाहीत. 'केशवपन' हा असाच एक शब्द. केश म्हणजे केस आणि वपन म्हणजे मुंडन. संस्कृतात वपन याचा दुसरा अर्थ पेरणे असाही आहे. बीजवपन या शब्दात तोच अर्थ येतो. एवढी माहिती वहीत लिहिली, की व्याकरणाच्या दृष्टीने शब्द सुटला. पण आपटे यांच्या कादंबरीतील यमुनेच्या वाट्याला केशवपन येते, तेव्हा तो शब्द वहीतल्या अर्थापेक्षा कितीतरी मोठा होऊन वाचकापुढे उभा राहतो. नवरा मरण पावला, एवढ्याच कारणासाठी कोवळ्या वयाच्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध धरून तिचे मस्तक भादरावयाचे आणि पुढे जन्मभर तिने 'अलवण' नावाचे तांबडे जाडेभरडे वस्त्र गुंडाळून घराच्या कोपऱ्यात दिवस कंठावयाचे, असा तो प्रघात होता. तो प्रघात पाळणाऱ्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता काय? होता. परंतु रोज कानांवर पडणाऱ्या शब्दामागील दुःख त्यांना जाणवत नव्हते. कादंबरीचे नावच एक प्रश्न आहे आणि तो प्रश्न त्यांनाच उद्देशून विचारलेला आहे.

त्या प्रश्नाकडे लक्ष देणारी माणसेही त्या काळी होती. ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून येऊ लागली, त्याच सुमारास, १८९० साली, मुंबईतील नाभिक मंडळींनी सभा भरविली आणि विधवांच्या केसांना वस्तरा लावावयाचा नाही, असा निश्चय केला. या चळवळीमागे महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. ज्यांच्या हातून हे कृत्य करविले जाई, त्यांनीच हात आवरला, ही गोष्ट लहान नव्हे. हे वाचल्यानंतर 'केशवपन' हा शब्द कोणाही विद्यार्थ्याला पाठ करावा लागणार नाही. तो त्याच्या स्मरणात राहील, कारण आता त्या शब्दाला एक चेहरा मिळालेला आहे. केशवपनाची रूढी मोडली, हे उत्तम झाले. पण शब्द विसरला गेला, तर ती रूढी मोडण्यासाठी कोणी काय सोसले, हेही विसरले जाईल.

याच लोखंडे यांचे दुसरे कार्य वाचकाला गिरगावातून परळ-लालबागेकडे घेऊन जाते. त्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्याच प्रयत्नांनी १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळाली. मुंबईत कापडाची पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे काढली. १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. पुढील काळात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी तेथील चाळी भरून गेल्या. या माणसांच्या जीवनावर भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांनी 'धावता धोटा' नावाची कादंबरी लिहिली. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली.

या कादंबरीत अवघड शब्द मुखपृष्ठावरच भेटतो. धोटा म्हणजे काय? धोटा हे विणकराचे साधन होय. मागावर उभे ताणलेले सूत असते, त्याला ताणा म्हणतात आणि त्यातून आडवे जाणारे सूत ते बाणा. आडव्या सुताची कांडी पोटात घेऊन ताण्यातून इकडून तिकडे व तिकडून इकडे फिरणारा, दोन्ही टोकांना निमुळता असलेला लाकडी ठोकळा तो धोटा. पूर्वी विणकर तो हाताने फेकीत असे. इंग्लंडमधील जॉन के याने १७३३ साली दोरी ओढताच धोटा आपोआप धावत सुटेल, अशी युक्ती शोधून काढली आणि तेव्हापासून कापड विणण्याचा वेग फार वाढला. एवढे समजले की 'धावता धोटा' या नावातील अर्थ उलगडू लागतो. यंत्राच्या वेगाने इकडून तिकडे फेकला जाणारा, क्षणाची उसंत नसलेला तो धोटा आणि पाळीच्या भोंग्याबरोबर चाळीतून गिरणीत व गिरणीतून चाळीत धावणारा कामगार, यांचे साम्य वाचकाला दिसू लागते.

हा शब्द शोधण्यासाठी दादरच्या विद्यार्थ्याला कोश उघडावा लागेल. लालबागच्या एखाद्या विद्यार्थ्याला मात्र दुसरी सोय आहे. त्याचे आजोबा एके काळी गिरणीत कामाला असतील, तर त्याने पुस्तक मिटून त्यांच्यापाशी जावे आणि विचारावे, "आजोबा, धोटा म्हणजे काय हो?" आजोबा कोशासारखे एका ओळीत उत्तर देणार नाहीत. "अरे, साच्यावर उभा राहा म्हणजे कळेल तुला!" असे म्हणून ते दोन्ही हातांनी धोट्याची धाव दाखवितील. धोटा अडकला, सूत तुटले म्हणजे काय होई, तुटलेले टोक किती चपळाईने सांधावे लागे, सारखा खडखडाट चालू असताना शेजारच्या माणसाशी खुणांनी कसे बोलत, हेही ओघाने सांगतील. गिरणीच्या बोलीत 'साचा' म्हणजे कापड विणण्याचा माग. इतरत्र साचा म्हणजे मूर्ती वा विटा पाडण्याचा ठसा. 'खाते' म्हणजे कचेरीतील हिशेबाचे खाते नव्हे, तर गिरणीचा एक विभाग. 'पाळी' म्हणजे कामाची ठराविक वेळ. 'बदली' म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला कामगार. हे अर्थ जाणणारी माणसे ज्या घरांत आहेत, ती घरे एका परीने चालतीबोलती कोशालयेच होत.

या माणसांपैकी कित्येकांना शाळेचे तोंड फार काळ पाहता आले नव्हते. दिवसभर गिरणीत राबून रात्री पाटी हाती धरणाऱ्या कामगारांसाठी, ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी रात्रशाळा व वाचनालये चालविली. अडलेल्या शब्दाचे मोल त्या प्रौढ विद्यार्थ्यांना पुरेपूर ठाऊक होते. अक्षर लावून लावून वाचणाऱ्याला पगाराच्या चिठ्ठीवरचा किंवा नोटिशीतला एखादा शब्द समजला नाही, तर त्याची किंमत त्याला घामाच्या पैशाने मोजावी लागे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सामील होते. त्यानंतरच्या वर्षांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. साच्यांचा खडखडाट थांबला, तसे साच्यावरचे शब्दही घराघरांतून बोलेनासे झाले. धोटा, कांडी, साचेखाते हे शब्द रोजच्या कामात उच्चारणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्याजवळचे सारे शब्द कोशात उतरलेले असतील, असे समजून चालणे योग्य नाही. कारण कोशकाराला जे कोणी सांगितले नाही, ते तो लिहिणार कोठून? लालबाग-परळच्या मुलामुलींनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून असे शब्द ऐकून, त्यांचा अर्थ व ते सांगणाऱ्याने दिलेले उदाहरण यांसह वहीत उतरवून ठेवले, तर ती भाषेची मोठीच सेवा ठरेल. अशी वही आणि कोशकाराचे कार्य यांत जातीचा भेद नाही, केवळ आकाराचा आहे.

आता त्या वहीविषयी थोडे सांगणे जरूर आहे. पुष्कळ विद्यार्थी वहीच्या डाव्या बाजूस शब्द आणि उजव्या बाजूस अर्थ अशी यादी करतात. ही पद्धत सोपी खरी, पण तिचा उपयोग थोडा. शब्दापुढे अर्थाबरोबरच तो कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडी आला, हे चार शब्दांत लिहावे आणि त्याखाली स्वतः रचलेले एक वाक्य लिहावे. 'विषण्ण – खिन्न' एवढेच लिहिण्यापेक्षा, 'भावाची कुशल वार्ता न आल्यामुळे ती दिवसभर विषण्ण होती', असे वाक्य रचले म्हणजे शब्द कोठे वापरावा, हेही कळते. खेळात एक डाव हरलेल्या मुलाला कोणी विषण्ण म्हणत नाही. तो फार तर हिरमुसतो. समान अर्थाच्या शब्दांमधील असा फरक ओळखता येणे, हेच भाषाप्रभुत्वाचे लक्षण होय.

शब्द किती घ्यावेत, यालाही मर्यादा असावी. एका बैठकीत पाचसहा शब्द पुरेत. जो शब्द पुन्हा पुन्हा येतो, किंवा ज्यावाचून प्रसंग समजत नाही, तोच निवडावा. बाकीच्यांवर पेन्सिलीने बारीक खूण करून पुढे जावे. पुस्तक ग्रंथालयाचे असेल, तर खूण पुस्तकात न करता पृष्ठांक वहीत टिपावा. प्रकरण संपल्यावर खुणा केलेल्या शब्दांकडे पुन्हा वळावे. त्यांतील निम्मे शब्द तोपर्यंत आपोआप उकललेले आढळतील, कारण एकाच लेखकाच्या लेखनात शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि प्रत्येक भेटीत आपला थोडा थोडा परिचय करून देतात.

उजळणीलाही एक रीत आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर दीर्घकाळ प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिकलेली गोष्ट प्रथम फार झपाट्याने विसरली जाते आणि मागाहून विसरण्याचा वेग मंदावतो, तसेच एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा मध्ये अवकाश सोडून केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्याला आढळून आले. म्हणून आज लिहिलेले शब्द उद्या, मग चार दिवसांनी आणि मग पंधरा दिवसांनी पाहावेत. पाहताना अर्थाची बाजू हाताने झाकावी आणि प्रथम आठवण्याचा यत्न करावा. आठवण्यासाठी केलेले कष्ट कधी वाया जात नाहीत. दोघा मित्रांनी शाळेच्या वाटेवर एकमेकांना पाच पाच शब्द विचारले, तर उजळणीसाठी वेगळा वेळही काढावा लागत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. नवा शब्द शिकल्यावर तो जेथे तेथे वापरण्याचा मोह अनावर होतो. निबंधात साध्या रागाच्या जागी 'क्रोधाग्नी' आणि साध्या घराच्या जागी 'सदन' लिहिल्याने निबंध सुंदर होत नाही, उलट हास्यास्पद होतो. आपटे यांची यमुना आपली सर्वांत दुःखद हकीकत घरगुती बोलीत सांगते, म्हणूनच ती हृदयाला भिडते. अवघड शब्द शिकावयाचे ते इतरांचे बोलणे नीट समजावे म्हणून आणि जेथे दुसरा शब्द पुरा पडत नाही, तेथे तो हाताशी असावा म्हणून. शब्दांचा दिमाख मिरविणे हा त्यांचा उपयोग नव्हे.

या सर्व खटाटोपाला वेळ लागतो, हे खरे. पहिल्या पन्नास पानांना जितके दिवस लागतील, तितक्या दिवसांत पुढे दीडदोनशे पाने सहज वाचून होतील. कारण लेखकाच्या शब्दांशी तोवर परिचय झालेला असतो. दुसरी जुनी कादंबरी पहिलीपेक्षा सोपी जाते आणि तिसरी त्याहूनही सोपी. पण या श्रमांचे फळ केवळ वाचनाचा वेग वाढणे, एवढेच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वाड्यातील एक सून आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या गिरणीतील एक कामगार, या दोघांची सुखदुःखे आता त्यांच्या शब्दांतच काय ती उरली आहेत. ज्याला ते शब्द समजतात, त्याच्याशी ती माणसे आजही बोलू शकतात. म्हणून कादंबरी वाचताना एखादा शब्द अडला, तर कंटाळून पुस्तक मिटू नये. त्या शब्दाआड कोणीतरी माणूस आपले ऐकले जावे म्हणून थांबलेला असतो, एवढे ध्यानात ठेवून त्या शब्दाचे दार उघडावे आणि मग पुढचे पान उलटावे.